धुळीला धूळ भेटली

९ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, ती मुद्दाम गाळली. विनंती दिसली की तू पत्र आठवडाभर बाजूला ठेवतोस, हे मला आता पाठ झालंय. तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, त्यांतल्या दोन हवामानावर. तरी दोनदा वाचलं.

बाबांची तब्येत विचारली होतीस. शरीर ठणठणीत आहे. ऐंशी पूर्ण झाली तरी जिना माझ्याआधी चढतात आणि वर उभे राहून माझी वाट बघतात. विसरण्याचं मात्र वाढलंय. मागच्या वर्षी चष्मा, किल्ली, वार एवढंच विसरायचे. आता कधी कधी आई आतल्या खोलीत आहे असं धरून चालतात आणि मला हळू आवाजात सांगतात, तिला उठवू नकोस, आत्ताच पडली आहे. आई जाऊन तीस वर्षं झाली हे अशा वेळी मी सांगत नाही. मीही हळूच बोलते.

मोठी बातमी म्हणजे प्रार्थनाघरातला त्यांचा पाठ थांबला. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी सातला बाबा तिथे ग्रंथ वाचायचे, हे तुला काय सांगायचं. शेवटची काही वर्षं पुस्तक समोर नुसतं उघडं असायचं, सगळं तोंडपाठ. मी शेजारी बसून पानं उलटायची, तेवढाच माझा भाग. फेब्रुवारीत एका सकाळी उत्पत्तीचं पान होतं. तुला ते आठवत असेल. आधी अंधार होता, आणि अंधाराखाली पाणी. पाण्याला काठ नव्हता. पाण्यावर एक निजलेला श्वास तरंगत होता. श्वासाला एकटं वाटलं, म्हणून त्याने स्वतःलाच हाक मारली. ती हाक म्हणजे उजेड. मग हाकेचं अंडं झालं, ते तडकलं, वरचं कवच आकाश आणि खालचं पृथ्वी.

इथपर्यंत नेहमीसारखं. मी पान उलटायला बोट उचललं, तर बाबा त्याच लयीत, त्याच आवाजात पुढे म्हणाले, "आणि धूळ होती. धुळीला धूळ भेटली, आणि दोघींनी ठरवलं की आता सुटं राहायचं नाही."

ग्रंथात असं काही नाही. समोर आठ-दहा म्हातारी माणसं होती, निम्मी पेंगत होती. पहिल्या रांगेतल्या आजी डोळे मिटून मान डोलावत राहिल्या, जणू लहानपणापासून हेच ऐकत आल्यात. पण प्रार्थनाघराच्या कार्यवाह बाई जाग्या होत्या. तसं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्या घरी आल्या, चहा घेतला, बाबांच्या आवाजाचं कौतुक केलं आणि जाताना दारात मला म्हणाल्या, "आता त्यांना जरा विश्रांती देऊ या." बाबांना काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी सातला अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले, आणि मग उठून सदरा बदलला.

घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून आता ते माझ्याबरोबर तारांगणात येतात. व्यवस्थापकांनी शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची दिली आहे. दिवसाला दोन खेळ. दार लागतं, घुमट काळा होत जातो आणि मी सुरुवात करते: फार फार पूर्वी सगळं इतकं दाटीवाटीने होतं की उजेडालाही हलायला वाव नव्हता. तीन लाख ऐंशी हजार वर्षं उजेड अडकून पडला होता. मग सगळं थोडं निवलं, आणि तो सुटला. इथे यंत्रवाले काका पहिला मंद प्रकाश सोडतात. बाबा खुर्ची मागे टेकवून, हात पोटावर ठेवून बघत असतात. दिवसातून दोनदा विश्व जन्माला येतं आणि ते दोन्ही वेळा पहिल्यांदाच बघतात. खेळ संपला की मला म्हणतात, "छान वाचतेस. घाई करत नाहीस."

मला आधी वाटलं, ती धूळ माझ्याच बोलण्यातून त्यांच्या ग्रंथात गेली असेल. पण मी संहिता तपासली. माझ्याकडे 'वायू आणि धूलिकणांचा ढग' आहे, बाकी काही नाही. दोघींनी ठरवणं वगैरे नाहीच. तुला ती ओळ कुठे वाचल्यासारखी वाटते का? दगडांची वयं काढण्यातून वेळ मिळाला तर कळव.

तिकडे थंडी असेल. जपून राहा.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं उत्तर पंधरा दिवसांत आलं, तेही पूर्ण पानभर. पोस्टमनलासुद्धा पाकीट जाड वाटलं असेल.

तू लिहिलेलं मी सावकाश वाचलं. सूर्याभोवतीच्या धुळीपासून पृथ्वी, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी. आणि तुझ्या प्रयोगशाळेतला तो झिरकॉन खनिजाचा कण, मिठाच्या खड्याहून बारीक, चार अब्ज चाळीस कोटी वर्षांचा. त्याच्या आत असलेल्या खुणांवरून वाटतं की पृथ्वी इतकी कोवळी असतानाही तिच्यावर पाणी असावं. आणि खाली तुझी तंबी: 'हे बाबांच्या गोष्टीशी जुळतंय असं म्हणू नकोस. त्यांच्या पाण्याचा आणि माझ्या पाण्याचा संबंध नाही. जुळल्यासारखं वाटतं तिथेच जास्त सांभाळायचं असतं.'

मी सांभाळलं नाही. बाबांची सकाळ चांगली होती, तर सांगून टाकलं. म्हटलं, "दादा लिहितो, फार लवकर पाणी होतं म्हणून." बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, मी साक्षीदार मागितला नव्हता." तुम्हा दोघांचं हे एक मला कायम नवल वाटतं. एकमेकांशी पटत नाही, आणि कुणी पटवून द्यायला गेलं की दोघंही त्याच्यावरच उखडता.

'त्याला म्हणावं' हे शब्द मी वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकले. त्यावर पुढे लिहिते. आधी गुरुवारचं सांगते.

गुरुवारी सकाळच्या खेळाला एक शाळा आली होती, नऊ-दहा वर्षांची साठ मुलं. घुमट काळा झाला, मुलं आधी किंचाळली आणि मग आपोआप गप्प झाली. मी म्हटलं, "याच्याही आधी काय होतं, ते आपल्याला अजून माहीत नाही." आणि शेवटच्या रांगेतून बाबांचा आवाज आला, पाठाचा आवाज, "पाणी होतं."

मुलं हसली. अंधारात एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही बघितलं होतं?"

"बघायला कुणीच नव्हतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर गोष्ट सांगावी लागते."

मी ध्वनिक्षेपकापाशी उभी होते. माझं काम होतं पुढचं वाक्य बोलायचं. यंत्रवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं, मी हलले नाही, आणि त्यांनी आपल्या मनाने चांदण्या हळूहळू वर आणल्या. बाबा बोलत राहिले. पाणी, निजलेला श्वास, त्याचं एकटेपण, हाक. साठ मुलांचे चेहरे वर होते आणि त्यांच्यावर निळसर उजेड पडला होता. मला वाटलं आपण सगळेच त्या पाण्यावर पाठ टेकून तरंगतोय, खुर्च्यांना काठ नाही. मग अंडं तडकलं, आणि बाबा थांबले. मला वाटलं, विसरले.

"याच्यापुढचं माझं नाही," ते म्हणाले. "हे माझा मुलगा सांगतो. तो म्हणतो, धूळ होती. कुठेच जायचं नसलेली. धुळीला धूळ भेटली, आणि दोघींनी ठरवलं की आता सुटं राहायचं नाही. दोघींच्या चौघी झाल्या. असं करत करत आपल्या पायाखालची जमीन झाली. त्याने ते दगडांना विचारून ठरवलंय. मला सगळं नीट कळलं नाही, पण त्याला मी बोलावलंय. संध्याकाळी येणार आहे, तेव्हा विचारीन."

त्याच मुलीने विचारलं, "मग खरं कुठलं? पाण्याचं की धुळीचं?"

बाबा म्हणाले, "तो आल्यावर सांगतो."

दिवे लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढचा सगळा भाग राहिला. त्या दिवशी चंद्र झालाच नाही. शाळेच्या बाईंनी तक्रार केली नाही, मुलं बाहेर जाताना एकेक करून बाबांना हात लावत होती.

आता ती ओळ कुठली ते तुला आठवलं का? तू लिहिलंस की आठवत नाही. मला त्या अंधारात उभं असतानाच आठवलं. प्रार्थनाघराचा वर्धापनदिन. तू चोवीस वर्षांचा होतास, नुकताच संशोधनाला लागला होतास. बाबांनीच तुला बोलायला उभं केलं होतं, पाठानंतर, सगळ्यांसमोर. तुझा सदरा मी इस्त्री केला होता. तू धुळीचं सांगितलंस, आणि ते इतकं सुंदर सांगितलंस की पहिल्या रांगेतल्या बायका पुढे सरकून बसल्या. मग शेवटी तू म्हणालास, की बाकीच्या सगळ्या गोष्टी माणसांनी अंधाराला घाबरून रचल्या. लोक ते शेवटचं वाक्य घेऊन घरी गेले. एक म्हातारे गृहस्थ दारात बाबांना म्हणाले, "मुलाने तुमचं पंचवीस वर्षांचं वाचन पुसलं." घरी येईपर्यंत तुम्ही दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चाललात आणि मी मधून.

बाबांनी तुझं शेवटचं वाक्य ठेवलंच नाही, दादा. त्याच्या आधीचं ठेवलं. आईचा चेहरा गेला, माझं नाव जातंय, आणि ते अक्षरशः शब्दाला शब्द तुझं भाषण धरून बसलेत.

आणि संध्याकाळी तू येणार, हेही.

यापुढे जे लिहायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं ते आज लिहून होत नाही. पाकीट उघडंच ठेवते.


५ एप्रिल

दादा,

हे त्याच पाकिटात घालते आहे. आधीच्या पत्राखाली सही केली नव्हती ते यासाठीच.

वर्धापनदिनानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू माळ्यावरच्या खोलीत होतास, बाबा खाली. मी दूध तापवत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दन्‌शब्द पाठ आहे. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, तुझं मला नीट ऐकायचं आहे. तिथे लोकांसमोर ऐकता आलं नाही. संध्याकाळी पाचला मागच्या खोलीत ये."

मी जिना चढून वर आले. तू पुस्तकं खोक्यात भरत होतास की नुसतीच हलवत होतास, कोण जाणे. तू मागे न बघता विचारलंस, "काय म्हणतायत?" आणि मी म्हटलं, "बाबा म्हणाले, तुझं काही ऐकायचं नाही."

मी हेच म्हटलं. ऐकण्यात तुझी चूक झाली नव्हती.

का, हे मी वीस वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. कधी म्हणते, मी सोळा वर्षांची होते, थट्टा केली. तू चिडून धाडधाड खाली येशील, भांडशील आणि तुमचं मिटेल, असं वाटलं होतं. त्यात थोडं खरं आहे. पण पुरतं नाही. खरं असं की तुम्ही दोघं वर्षानुवर्षं ताटावर बसून जगाच्या आरंभावरून भांडायचात, आणि भांडताना तुमचे दोघांचे चेहरे सारखे व्हायचे. मी वाढत असायचे. कुणी मला कधी विचारलं नाही, बारके, तुला काय वाटतं, आधी काय होतं? त्या दिवशी दोन दिवसांच्या शांततेनंतर बाबा पहिलं वाक्य बोलले, तेही तुझ्यासाठीच. मला ते सहन झालं नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, मिळालं नाही.

तू खाली आला नाहीस. बाबा पाच वाजता मागच्या खोलीत जाऊन बसले. समोर दुसरी खुर्ची ठेवली. सातला बाहेर आले आणि मला म्हणाले, "नाही म्हणाला का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तू गेलास. त्या दिवशी मी बस थांब्यापर्यंत पळत आले होते, तुला सांगायला. बस गेलेली होती. निदान असं मी मानत आले. कदाचित मी तितकी जोरात पळाले नसेन.

आणि आता सगळ्यात वाईट. त्यानंतरचे काही महिने मला चांगले गेले. बाबा माझ्याशी बोलायला लागले. मला पाठ शिकवला, लय शिकवली, कुठे थांबायचं ते शिकवलं. आज मी ज्या आवाजाने विश्वाचा जन्म सांगते तो आवाज मला तुझ्या जाण्यातून मिळाला.

पाचव्या वर्षी तू लिहिलं होतंस, 'बाबांनी बोलावलं तर येईन.' मी बाबांना आडून विचारलं, तर म्हणाले, "यायचं असेल तर येईल, मी एकदा बोलावलंय." दोन्ही वाक्यं माझ्या हातात होती. एकमेकांना जोडली असती तर झालं असतं. मी तुला हवामान कळवलं.

बाबा रोज पाच वाजता मागच्या खोलीत जातात. विचारलं तर म्हणतात, तो येणार आहे. हे सांगून तुला बोलवावं असा मला काय अधिकार. तरी सांगितलं.

मी


३० जून

प्रिय दादा,

तुला जाऊन महिना झाला. पोचल्याचं कळवशील असं धरलं नव्हतं, पण पोस्टमन दिसला की बघतेच.

माझ्या पाकिटाला तू उत्तर दिलं नाहीस, सहा आठवडे काही नाही, आणि मग एका दुपारी दारात तूच. केस पांढरे झालेले मला कुणी सांगितलं नव्हतं. तू "बाबा कुठे आहेत?" एवढंच विचारलंस आणि मी बोट दाखवलं. तीन दिवस तू माझ्याशी मीठ दे, टॉवेल कुठे, यापलीकडे बोलला नाहीस. मला तुला दोष द्यायचा नाही. घरात तुझी पावलं वाजत होती तेच मला पुष्कळ होतं.

त्या मागच्या खोलीत जे झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतास. तरी लिहिते. तू बाबांकडे बघत होतास आणि मी भिंतीपलीकडून नुसती ऐकत होते, आणि ऐकणाऱ्याला कधी कधी जास्त कळतं.

पहिल्या दिवशी बाबा तुला म्हणाले, "या, बसा. माझा मुलगा यायचाय, तोवर तुम्ही बसा." तुला ते 'तुम्ही' लागलं. तुझा आवाजच बदलला. तू म्हणालास, "मी तुमच्याहून किती लहान, मला अरे म्हणा," आणि ते म्हणाले, "छे छे, तुम्ही पाहुणे." मग तू जराशाने म्हणालास, "मी दगडांची वयं काढतो," आणि बाबा म्हणाले, "अरे वा, मग तुमचं आणि त्याचं जमेल."

तू सुरुवातीपासून सांगायला लागलास. मी भांडी तशीच ठेवली. पडद्यातून ऊन सरकत होतं आणि तुझा आवाज येत होता, भाषणातला नव्हे, खालचा, थांबत थांबत येणारा. धूळ. मग खडे. खड्यांचे डोंगर, डोंगरांची टक्कर, सगळं वितळलेलं, तांबडं, किनारा नसलेलं. एवढा मोठा घाव की त्यातून चंद्र उडाला. मग निवणं. बाबा मधेच विचारायचे, "बघायला कुणी होतं?" तू म्हणायचास, "नाही." "मग तुम्हाला सांगितलं कुणी?" "दगडांनी." "दगड खोटं बोलत नाहीत?" तू हसलास, वीस वर्षांनी या घरात हसलास, आणि म्हणालास, "नाही बोलत. पण आम्हाला वाचायला चुकतं कधी कधी." बाबा म्हणजे जन्मभर वाचन केलेला माणूस. म्हणाले, "हो, ते होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची गोष्ट तुला सांगितली. तू मधे बोलला नाहीस. श्वासाला एकटं वाटलं, इथे तू विचारलंस, "ते कशावरून?" बाबा म्हणाले, "कशावरून नाही. पण ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला वाटलं असणार." तू म्हणालास, "हे मी तेव्हा चुकीचं बोललो. घाबरून रचलेली नाही ही." बाबांना 'तेव्हा' म्हणजे केव्हा ते विचारावंसं वाटलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी, तू पाण्यापाशी आलास. तो कण, त्याच्यातल्या खुणा. बाबा पुढे वाकले असतील, खुर्ची करकरली. आणि म्हणाले, "अरे, पण मग एवढं पाणी आलं कुठून?"

अरे, म्हणाले ते. तू लक्ष दिलंस की नाही, मला माहीत नाही. तू तसाच पुढे बोलत राहिलास, थोडं आत मुरलेलं, थोडं आकाशातून पडलेल्या दगडांनी बाहेरून आणलेलं, अजून नक्की ठरलेलं नाही. बाबा म्हणाले, "ठरलं की सांग मला." तू म्हणालास, "सांगतो, बाबा." मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांनी तुला ओळखलं असं मी म्हणणार नाही. तूच शिकवलंस, जुळल्यासारखं वाटतं तिथे सांभाळायचं. ऐकलं तेवढं लिहिलं.

बस थांब्यावर तू माझ्याशी एकच गोष्ट बोललास. "बाबांना तू सांग." मी म्हटलं, त्यांच्या लक्षात राहणार नाही. तू म्हणालास, "म्हणून सांगायचं नाही?" आणि बस आली.

तर हे त्याबद्दलचं पत्र.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी विचारलं, "तो माझ्यावर रागावला का ग? बोलावलं तर आला नाही." मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि सांगितलं. तुमचा निरोप काय होता, मी काय दिला. त्यांनी सगळं ऐकलं. मग इतकंच म्हणाले, "मी दोन तास बसलो होतो." माझा हात त्यांच्या हातावर होता, तो त्यांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

सकाळी उठले ते हसतच. मला म्हणाले, "बारके, चहा." संध्याकाळी पुन्हा तेच. तो रागावला का ग?

दादा, त्या वेळी मी सावरून सांगितलं. निरोपात काहीतरी घोटाळा झाला, कुणाचीच चूक नव्हती, असं. त्यांना बरं वाटलं. छान झोपले. मला मात्र स्वयंपाकघराच्या त्या दारातून आतबाहेर करवेना. म्हणून आता ठरवलंय, विचारतील तेव्हा पूर्ण सांगायचं, पहिल्या दिवशी सांगितलं त्याच शब्दांत. आजवर अकरा वेळा सांगितलं. एकदा ते खूप चिडले, ताट सरकवलं. एकदा रडले, आणि मी त्यांचे डोळे पुसायला गेले तर पुसू दिले नाहीत. एकदा म्हणाले, "सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती निरोप देऊन मी खाली बसून राहिलो. जिना काय चौदा पायऱ्यांचा." एकदा नुसते हसले आणि म्हणाले, "तुला काय वाटतं, आधी काय होतं?" मला उत्तर आलं नाही. दररोज दोन खेळ करते, तरी आलं नाही.

सांगून सांगून सोपं होईल असं वाटलं होतं. होत नाही. त्यांना प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच कळतं, आणि त्यांचा चेहरा बघायचा मला.

काल ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग तो आला का पुढे?"

म्हटलं, "आला, बाबा. मे महिन्यात. तीन दिवस होता. त्याने तुम्हाला सगळं सांगितलं, धुळीपासून."

"मी ऐकलं?"

"ऐकलंत."

"नीट?"

"अगदी नीट. मधे मधे विचारलंत सुद्धा."

"मग बरं," ते म्हणाले, आणि मला दिवा लावायला सांगितलं.

उद्या पुन्हा विचारतील. सांगेन. तू मला काही लिहावंस असा आग्रह नाही. त्या पाण्याचं कधी नक्की ठरलं, तर मात्र बाबांच्या नावाने लिही. मी त्यांना वाचून दाखवेन, एकही शब्द न बदलता.

तुझी बहीण